सहावा कप

रशीदचाचांसमोर 'फुटणे' हे क्रियापद वापरायला बंदी होती. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे शब्दांना शिस्त लावणं हे खरं तर माझं काम. पण तळोद्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या या म्हाताऱ्याने माझ्याच घरात मला शिस्त लावली. काचेचं काही हातात असताना कुणी "सांभाळ, फुटेल" म्हणालं, की चाचा ओठांवर बोट ठेवत. "हळू बोल बेटा. काच ऐकी ऱ्हायनी."

चाचा धंद्याने मण्यार. उभा जन्म बायकांच्या हातांत काचेच्या बांगड्या भरण्यात गेला. बांगडी फुटली असं आपल्याकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. चाचांनी तेच सगळ्या जगाला लावलं. कप वाढायचा, आरसा वाढायचा. समोरच्या घरातलं ठरलेलं लग्न मोडलं, तर "सगाई वाढनी." आमचे हे मोटरसायकलवरून पडले तेव्हा चाचा दवाखान्यात आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "साहेबना हात वाढना." शेजारच्या खाटेवरचा पेशंट बराच वेळ ह्यांच्या दोन्ही हातांची लांबी ताडून बघत होता.

पुढे काचेच्या बांगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही. दुकान बंद झालं, चाची गेल्या, एकुलती एक मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली. चाचांनी मग रिकाम्या हातांना एक नवा उद्योग लावून घेतला. तळोदा हे सरकारी बदल्यांचं गाव. आमच्या गल्लीत कुणी ना कुणी सामान बांधतच असायचं. दारात टेम्पो लागला की चाचा न बोलावता हजर. "काचनं सामान कोठे शे?"

बांधण्याची त्यांची तऱ्हा न्यारीच होती. खोक्याच्या तळाशी कापूस, आणि तोही शेतातला, सरकीसकट. "दुकानना कापूस दबी जास. सरकीवाला उभा ऱ्हास." ताटल्या आडव्या ठेवायच्या नाहीत, उभ्या लावायच्या. "झोपाडू नको. झोपनी का वाढनी." कप पालथा, त्याच्या पोटात कागदाचा बोळा. तसबिरी गोधडीत. दिव्याचे बल्ब ज्वारीच्या डब्यात. एका साहेबांची अक्कलकुव्याला बदली झाली तेव्हा कापसाचा हंगाम नव्हता, म्हणून चाचांनी त्यांचा अख्खा डिनर सेट वाळलेल्या लाल मिरच्यांत बांधला. आमच्या जिल्ह्यात मिरचीला काय तोटा! तिकडे खोकं उघडलं आणि साहेब, बाईसाहेब आणि भेटायला आलेले शेजारी, सगळे शिंकत अंगणात. फोनवर तक्रार आली, तर चाचा ढिम्म. "शिंका थांबी जातीन. बशी जुडस का?" एकही बशी वाढली नव्हती, एवढं साहेबांनाही नाकं पुसत कबूल करावं लागलं.

मजुरी म्हणून चाचा पैसा घेत नसत. मागायचे ते भलतंच. सहा कपांच्या सेटमधला एक कप ठेवून घ्यायचे. "पाच ली जा. सहावा लेवाले ये." सहावा न्यायला पुन्हा यायचं, हे ऐकून लोक आधी हसत, मग चिडत आणि शेवटी टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला की कपाळाला आठ्या घालून देऊन टाकत. म्हातारा वेगवेगळ्या घरचे कप जुळवून आठवडी बाजारात सेट विकतो, अशी गावात बोलवा होती. आमच्या ह्यांचा तर तिच्यावर पक्का विश्वास.

मग आमचीच बदली झाली. कुठे, तर नंदुरबारला. एसटीने जेमतेम तासाभराचा रस्ता. पण चाचांनी अशी बांधाबांध आरंभली, जणू सामान बोटीने विलायतेला निघालंय. माझं माहेर कोरीटचं. तिथून भावाने कापसाचं गाठोडं पाठवलं. चहाचा सेटही भावानेच लग्नात दिलेला, निळ्या फुलांचा. त्यातला एक चाचांनी फळीवर बाजूला ठेवला, तेव्हा माझा जीव वरखाली झाला. चाचांशी बोलताना माझी शाळेतली मराठी आपोआप गळून पडते.

"चाचा, जोड तुटी जाई ना मन्हा!"

"मंग ये ना लेवाले. कितला दूर शे?"

"येसू. येवाळा रविवारलेच येसू."

टेम्पो निघताना चाचा ड्रायव्हरच्या खिडकीला लोंबकळले. "बैलगाडी समजीसन चालाव रे भाऊ!" तो बिचारा खरंच तसाच चालवत गेला. मागच्या गाड्यांनी त्याला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नव्या घरात आम्ही दिवेलागणीला अंधारात बसलो, कारण ज्वारीचा डबा सगळ्यांत खाली होता. पुढे कित्येक दिवस चहात कापसाचा तंतू तरंगायचा. पण एका पेल्यालाही साधा चरा नव्हता.

तो येता रविवार आला तेव्हा गॅसचं कनेक्शन यायचं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी पेपर तपासायचे होते. नंतर लग्नसराई, मग निवडणुकीची ड्यूटी, मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. असे रविवार किती आले आणि गेले, वर्षं उलटली. निळ्या फुलांचा सेट वाढत वाढत दोनांवर आला. तळोदा काय, हाकेच्या अंतरावर, कधीही जाता येईल, असं म्हणत मी कधीच गेले नाही.

गेल्या हिवाळ्यात चाचांचा फोन आला. "बेटा, तुन्हा कप ली जा. मी सुरतले जाई ऱ्हायनू, बेटीकडे. आते आठे एकला ऱ्हाता नही येस."

त्याच आठवड्यात गेले. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि थबकले. ज्या फळ्यांवर पूर्वी बांगड्या असायच्या, त्यांवर भिंतभर कप होते. एकासारखा दुसरा नाही. फुलांचे, सोनेरी काठाचे, साधे पांढरे, एक तर लहान मुलांचा, कोंबडीचं चित्र असलेला. सगळ्यांचे कान दाराच्या बाजूला, कुणी आत आलं तर पटकन आपला कप उचलता यावा असे. विकलेला एकही नव्हता.

"हाऊ पाटीलबाईना," चाचा बोट दाखवत सांगू लागले. "तिनी पोर आते मोठी व्हई गई व्हई. हाऊ मिरचीवाला साहेबना. हाऊ नर्सबाईना, ती जाताना भलती रडनी व्हती."

"चाचा, कोनकोन उनं मंग लेवाले?"

"तू उनी."

मला वाटलं पुढे आणखी कुणाचं नाव येईल. आलं नाही. चाचांनी सगळ्यांना फोन केले होते. कुणी म्हणालं, फेकून द्या. कुणी म्हणालं, एसटीच्या ड्रायव्हरजवळ देऊन ठेवा. कुणी विचारलं, कोण रशीदचाचा? हे सांगताना चाचा गालात हसत होते. मला मात्र फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. हा माणूस इतकी वर्षं कप मागतच नव्हता. आपण पुन्हा यावं, एवढंच मागत होता, आणि आम्ही सगळे मोडलेल्या सेटबद्दल कुरकुरत राहिलो.

चाचांनी चहा केला. माझा निळ्या फुलांचा कप धुऊन त्यात मला दिला आणि स्वतः स्टीलच्या पेल्यात ओतून घेतला.

"इतला कप शेतस, तुम्ही पेलामा काबर पेतस?"

"ह्या लोकसना शेतस बेटा. अमानत शे. मन्हा एकबी नही."

सुरतेचं घर दोन खोल्यांचं. दोन पिशव्या घेऊन या, बाकी काही आणू नका, असं मुलीने बजावलं होतं. बिचारीचंही काही चुकत नव्हतं. कपांचं काय करायचं, हे मात्र चाचांना सुचत नव्हतं. ते फळ्यांकडे बघायचे आणि पुन्हा खाली बसायचे.

"मी ली जास सगळा," मी म्हटलं.

चाचांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुले बांधता येस का?"

मग माझी परीक्षा सुरू झाली. कापूस हवा म्हणून चाचांनी स्वतःची गादी उसवली. "सुरतले बेटीकडे पलंग शे," म्हणाले. मी बांधत होते आणि ते पाठीशी उभे राहून ओरडत होते. "कान दाबू नको त्याना! बोळा घाल पोटमा! अशी शिकाडस का पोरेसले?" शेवटचं खोकं बांधून झालं तेव्हा भिंत उघडी पडली. फळ्यांवर गोल गोल डाग राहिले. चाचा ते डाग फडक्याने पुसत राहिले, आणि मला तिथे बघवेना.

टेम्पो आला. निघताना मी चाचांपुढे हात पसरला. "मन्ही मजुरी?"

चाचा गोंधळले.

"तुम्हना एक कप मन्हाकडे ठेवा. लेवाले या."

त्यांनी घरभर नजर फिरवली. स्वतःचा कप नव्हताच. मग चहाचा तो स्टीलचा पेला उचलला, धुतला, सदऱ्याला पुसला. उरलेल्या कापसात नीट गुंडाळला, वर वर्तमानपत्र, त्यावर सुतळीच्या दोन गाठी.

"चाचा, हाऊ त स्टीलना शे. हाऊ कसाले फु—"

चाचांनी ओठांवर बोट ठेवलं.

ते कप आता माझ्याकडे आहेत. फळी ह्यांनीच ठोकली, आणि कुरकुर न करता ठोकली. मी पुन्हा सगळ्यांना फोन केले. सगळे म्हणाले, येतो की एकदा. पेला अजून कापसातच आहे, मी गाठी सोडलेल्या नाहीत. नंदुरबारहून सुरतेला थेट गाडी आहे, सकाळी बसलं तर दुपारी पोचतो माणूस. चाचा दर फोनला म्हणतात, "येसू ना बेटा, पेला लेवाले. कितला दूर शे?" मीही म्हणते, तुम्ही कशाला, येत्या रविवारी मीच येते.

तळोदाही जवळच होतं.