इसहाकरावांची चुकलेली गाडी

इसहाकराव बेलापूरहून मुलगी बघायला निघाले, तेव्हा त्यांच्या बायकोनं, रेबेकाबाईंनी, दारापर्यंत येऊन बजावलं होतं, "पसंती जागच्या जागी सांगायची न्हाई. 'पत्रानं कळवतो' म्हनायचं, आन पाचच्या गाडीला बसायचं. मुलाकडचे हाय आपुन."

इसहाकरावांची स्वतःची अट मात्र वेगळीच होती. मुलगा यशया मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, तेव्हा सून इंग्रजीत टाईम सांगणारी हवी. ते स्वतः उमेदीच्या काळात नगरच्या कँपात गोऱ्या साहेबांच्या मेसवर वेटर होते. साहेबलोकांचं ऐकून ऐकून 'व्हॉट इज द टाईम प्लीज' हे वाक्य त्यांनी असं घोटलं होतं, की बेलापुरात त्यांच्याइतक्या झोकात ते कोणाला म्हणता येत नसे. साहेब त्यावर उत्तर काय देत, ते मात्र त्यांना कधीच उमगलं नव्हतं. एक ते दहा आकडे त्यांना येत. पण उत्तरात आकड्यांच्या आगेमागे आणखी काहीबाही असे, आणि तिथं सगळं अडे. बेलापुरात इंग्रजीत उत्तर देणारा कोणी भेटला नाही म्हणून आजवर अब्रू शाबूत होती.

राहुरीकडच्या त्या गावात शांतवन मास्तर मिशनच्या शाळेत शिकवत. त्यांच्याकडं चांदीचं खिशातलं घड्याळ होतं, आणि नगरच्या बोर्डिंगात शिकलेली दया नावाची मुलगी. या दोन्ही गोष्टींचा मास्तरांना सारखाच अभिमान होता. आधीचे दोन पाहुणे 'कळवतो' म्हणून पाचच्या गाडीनं गेले होते, आणि त्यांची पत्रं काही आली नव्हती. त्यामुळं ती पाचची गाडी मास्तरांच्या डोळ्यांत सलत होती.

मास्तर घड्याळ दयाच्या हाती देऊन चहाचं सांगायला मागच्या दारी गेले, तेव्हा इसहाकरावांनी कोटाची बटणं लावली, घसा साफ केला आणि परीक्षा घेतली.

"व्हॉट इज द टाईम प्लीज?"

दयानं हातातल्या घड्याळाकडं पाहिलं. "इट इज क्वार्टर पास्ट नाईन," ती हळूच म्हणाली.

'नाईन' इसहाकरावांनी ओळखला. आता ऐन दुपारी नऊ कसे, असं त्यांना वाटलं खरं. पण विचारणार कोणाला? इंग्रजीत तसंच असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

"करेक्ट!" ते गरजले. "मास्तर, पोरगी लई हुशार हाय तुमची!"

मास्तर आत आले ते छाती फुगवूनच. त्यांनी घड्याळ आपल्या खिशात घातलं आणि मोठ्या खुशीत सांगून टाकलं, "आपल्या घरात घड्याळ फक्त इंग्रजीच बोलतं बरं का, इसहाकराव!"

"आमच्याबी!" इसहाकराव म्हणाले. त्यांच्या घरात घड्याळ नव्हतं.

झालं! त्या एका शब्दानं मराठीत वेळ विचारायची वाट बंद झाली. त्यात भाद्रपदाचं आभाळ असं गच्च भरलेलं, की सूर्य कुठं आहे याचा पत्ता नाही. चहा झाला, पेरू झाले, यशयाच्या पगाराची चौकशी झाली. मग इसहाकरावांनी न राहवून विचारलं, "व्हॉट इज द टाईम प्लीज?"

"फाईव्ह मिनिट्स पास्ट फोर," मास्तर म्हणाले.

'फाईव्ह' कानावर पडताच इसहाकराव टोपी घालून ताडकन उठले. "गाडी!"

"अहो, बसा बसा," मास्तरांनी त्यांचा हात धरला. "वेळ आहे अजून. स्टेशन काय, या उसापलीकडं."

इसहाकराव बसले. फाईव्ह म्हटलं म्हणजे पाच वाजतातच असं नाही, एवढं त्यांनी पक्कं ध्यानात ठेवलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं.

"ट्वेंटी-फाईव्ह मिनिट्स टू फाईव्ह," मास्तर पडल्या आवाजात म्हणाले. आता पाहुणे उठणार, पुन्हा 'कळवतो' म्हणणार, हे त्यांना दिसत होतं.

यावेळी फाईव्ह दोनदा आला होता. पण इसहाकराव आता फसणारे नव्हते. "थँक्यू," म्हणून त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि पाय पसरले.

मास्तर बघतच राहिले. मग लगबगीनं आत गेले. "अगं रतन, पाहुणे टोपी खुंटीला लावून बसलेत!"

"खरं की काय?" रतनबाई हात पुसत उठल्या. "मग ठिपक्यांची कोंबडी धरते."

"ती तर अंडी देते!"

"पोरीपरीस कोंबडी जड झाली का तुमाला?"

परसात फडफडाट झाला. तो ऐकून शेजारची कडूबाई आली, आणि तिच्याकडून कळून पाळकसाहेबही येऊन बसले. शेवटी मास्तरांच्यानं राहवेना. त्यांनी घड्याळ काढून, न विचारताच, मोठ्यानं सांगितलं, "टू मिनिट्स टू फाईव्ह, इसहाकराव!"

"व्हेरी गुड!" इसहाकराव म्हणाले.

मास्तरांचे डोळे भरून आले. तेवढ्यात उसापलीकडून शिट्टी ऐकू आली, आणि धुराची रेघ बेलापूरच्या दिशेनं सरकू लागली.

"मालगाडी का ही?" इसहाकरावांनी विचारलं.

"नाही हो. तुमचीच की, पाचची."

सगळे त्यांच्याकडं बघत होते. मेसवरची सगळी वर्षं इसहाकरावांच्या डोळ्यांपुढून गेली. टाईम कळला नाही म्हणावं, तर उद्या बेलापुरात तोंड दाखवायची सोय नाही. ते सावकाश उठले आणि कोट खाली ओढून ताठ उभे राहिले.

"जाऊंद्या तिला! मी कशापाई थांबलो, ते तुमाला कळलं न्हाई, मास्तर? पोरगी पसंत हाय!"

मास्तरांनी त्यांना मिठीच मारली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आणि कोंबडी शिजायला वेळ होता म्हणून ती जरा लांबवली. डोळे मिटून उभे असताना इसहाकरावांना जाणवलं, की आपण बोललो ते खोटं नाही. पोरगी खरोखरच मनात भरली होती.

सकाळी चहा घेऊन दया आली, तेव्हा ओसरीवर दुसरं कोणी नव्हतं.

"पोरी," इसहाकराव हळूच म्हणाले, "आमच्या घरी मला मराठीत टाईम सांगत जा."

"व्हय, मामा."

"तुला कवा कळलं?"

"परीक्षेच्या वेळीच. घाबरून काट्यांची अदलाबदल झाली माझी. पावणेतीन वाजलेले, मी सव्वानऊ सांगितले. तुमी करेक्ट म्हनालात."

इसहाकरावांनी कपबशी खाली ठेवली. "मग पाचच्या गाडीच्या टायमाला का न्हाई बोललीस?"

दया हसू दाबत म्हणाली, "बोलले असते तर तुमी गेला असता की, मामा."

बेलापूरला रेबेकाबाई दारातच उभ्या होत्या. "गाडी चुकली व्हय?"

"चुकली न्हाई, चुकवली. पसंती सांगून आलो."

रेबेकाबाईंनी कपाळावर हात मारला. "निदान टाईम तरी येतो का तिला इंग्रजीत? तुमच्यावानी?"

इसहाकरावांनी टोपी खुंटीला लावली आणि छाती पुढं काढून सांगितलं, "अगदी माझ्यावानी!"