रक्त सायाळीचं, पाणी राजडोहाचं

एका जंगलात, बाळांनो, एक ओढा होता आणि त्या ओढ्याला मोठी शिस्त होती. माणसांच्या गावात असते तसलीच. सगळ्यांत वर राजडोह. तिथे फक्त वाघमहाराजांचं घराणं पाणी प्यायचं, डुंबायचं आणि बाकीचंही काय काय करायचं. त्याच्या खाली हत्ती आणि गवे, म्हणजे वजनदार मंडळी. त्याच्या खाली सांबरं, चितळं. या सगळ्यांचं पिऊन, धुऊन, खंगाळून झालं की जे उरायचं, ते सायाळींच्या पाणवठ्यावर यायचं. हे कुणी ठरवलं, असं विचारू नका. असले प्रश्न विचारणाऱ्या मुलांचे कान पिळतात.

या खालच्या पाणवठ्याजवळ बयाबाई नावाची सायाळ राहायची. तिला एकच लेक होती, टोची. टोचीच्या पाठीवर पहिले काटे ताठ झाले, तेव्हा बयाबाईने आनंदाने शेजारपाजारी कंद वाटले होते. सायाळीला धड पळता येत नाही, झाडावर चढता येत नाही. तिचं सगळं वैभव काट्यांत. काटे आहेत तोवर बिबट्या वाट सोडून जातो. काटे गेले की तोच बिबट्या वाट बघत बसतो.

आणि एके वर्षी टोचीचे काटे गळू लागले.

आधी एखाददुसरा. मग झुबकेच्या झुबके. खालची कातडी लालभडक व्हायची, उतायची, आणि पोर रडत रडत झाडाच्या बुंध्याला पाठ घासायची. शेजारच्या पोरांचीही तीच गत. बयाबाईचा जीव तीळतीळ तुटायचा. त्यात बिबट्या रोज संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी येऊन मऊ आवाजात चौकशी करायचा.

"कशी आहे लेकीची तब्येत? अजून बरेच राहिलेत का?"

बयाबाई स्वतःचे काटे फुलवून, खडखडवून त्याला हाकलायची. पण आता तिचेही विरळ व्हायला लागले होते.

घरात सासूबाईंनी रोगाचं निदान केव्हाच करून टाकलं होतं. "आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं हो. हिच्या माहेरचं असणार. हिच्या आजीचे काटे विरळ होते, मी सोयरीक ठरतानाच म्हटलं होतं." टोचीचा बाप आईपुढे आणि बायकोपुढे सारखाच गप्प बसायचा. त्यामुळे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

अशात डॉक्टर करकोचा परतला.

हा करकोचा दर हिवाळ्यात जंगलात यायचा आणि उन्हाळा लागला की परदेशी जायचा. खरं तर तिकडची थंडी सोसवत नाही म्हणून तो इकडे यायचा, पण परदेशी जाऊन आलेल्याला कुणी असलं विचारत नाही. या खेपेला तो नवी विद्या शिकून आला होता. ती अशी, की प्रत्येकाच्या रक्तात डोळ्यांना न दिसणारी जनुकं असतात. ती आईबापांकडून मुलांना मिळतात. आता यात खोटं काहीच नव्हतं. टोचीला काटे आले आणि मोराचा पिसारा आला नाही, तो त्या जनुकांचाच प्रताप. पण नव्याचे नऊ दिवस असतात, आणि करकोच्याचे नऊ दिवस संपेचनात.

त्याला कोल्ह्याच्या रक्तात लबाडीचं जनुक सापडलं. त्याबरोबर कोल्ह्यावरचे सगळे आरोप मागे घेण्यात आले, कारण बिचाऱ्याच्या रक्तातच होतं. उंदराच्या रक्तात चोरीचं जनुक सापडलं. त्याबरोबर उंदराला चोरी करायच्या आधीच कोंडण्यात आलं, कारण चोराच्या रक्तातच होतं. बघा, एकाच विद्येने एक सुटला आणि एक अडकला. युवराज वाघांच्या रक्तात तर राजेपणाचं जनुक सापडलं. युवराजांना सुई टोचणं बरं दिसलं नसतं, म्हणून ते रक्त न काढताच सापडलं.

इतरांचं रक्त काढायला करकोच्याने डास नेमले होते. अनुभवी मंडळी. थेंबभर मागितलं की पोटभर काढायची.

डास सायाळींच्या वस्तीत आले आणि तृप्त होऊन गेले. दुसऱ्या दिवशी करकोच्याने एका पायावर उभं राहून निकाल सांगितला.

"काटेगळीचं जनुक! काटे गळलेल्या एकूण एक सायाळीत आहे. आनुवंशिक रोग. उपाय नाही."

सासूबाईंनी बयाबाईकडे असं पाहिलं, की जणू परदेशातलं विद्यापीठ त्यांनीच काढलं होतं.

बयाबाई पुढे झाली. "डॉक्टरसाहेब, ज्यांचे काटे गळले नाहीत, त्यांच्यात आहे का हो ते?"

"त्यांना कशाला तपासायचं? त्या धडधाकट आहेत."

"माझी बहीण भागू टेकडीपलीकडे राहते. आम्ही एका आईच्या लेकी. तिचे काटे एकदा बघा तरी."

करकोच्याने कुरकुर करत डास पाठवले. ते टेकडी ओलांडून गेले, भागूला चावून आले. करकोचा पंख फडफडवत म्हणाला, "तिच्यातही आहे! मी म्हटलं नव्हतं, आनुवंशिक?"

"अहो, पण तिचा एकही काटा गळलेला नाही!"

"तिच्यात ते झोपलंय."

"मग आमच्यातच कसं जागं झालं?"

करकोच्याने एक डोळा मिटला. "बाई, हे विज्ञान आहे. तुम्हाला नाही कळायचं."

त्या क्षणी बयाबाईला त्याच्या लांब चोचीची गाठ मारावीशी वाटली. पण आपल्याकडे शिकलेल्या पाहुण्याचा मान ठेवतात, म्हणून तिने राग गिळला.

राजाने लगेच दवंडी पिटवली. काटेगळीच्या घरात कुणी सोयरीक करू नये, त्यांच्याजवळ बसू नये, आणि त्यांनी ओढ्याच्या वरच्या अंगाला फिरकू नये, म्हणजे रोग वर चढणार नाही. पाणी वरून खाली येतं, हे जंगलात सगळ्यांना ठाऊक होतं. पण दवंडी राजाची होती.

बयाबाईने टोचीला उचललं आणि भागूमावशीकडे नेऊन ठेवलं. टेकडीपलीकडे एक लहानसा झरा होता. टोची त्याचं पाणी प्यायली, त्यात न्हाली. हळूहळू तिची कातडी निवली. मग बारीक, मऊ काटे डोकं वर काढू लागले. बयाबाई लेकीच्या पाठीवरून नाक फिरवायची आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं.

पण सासूबाईंचा निरोप आला. "पोर किती दिवस मावशीच्या दारात ठेवणार? आमच्या घरात खायला नाही, असं चारचौघांना वाटायला हवं का?" चारचौघांना काय वाटेल या भयाने आजवर जितके जीव गेले आहेत, तितके बिबट्याने नेले नसतील. टोची परत आली. आणि परत आल्यावर तिचे काटे पुन्हा गळू लागले.

बयाबाई शिकलेली नव्हती, त्यामुळे तिला विचार करावा लागला. टेकडी चढताना पोरीचं रक्त बदलत नाही, उतरताना बदलत नाही. मग बदलतं काय? ती उठली आणि दवंडी न जुमानता ओढ्याच्या काठाकाठाने झुडपांतून वर चढली.

राजडोहाजवळ पोहोचली तेव्हा सकाळचं ऊन पडलं होतं आणि तिथे पट्टेस्नानाचा सोहळा चालला होता. ही राजघराण्याची नवी चाल. दर अमावस्येनंतर युवराजांना थाटात न्हाऊ घालत. जंगलात सगळे कौतुकाने त्याबद्दल बोलायचे, पण बघायला कुणाला परवानगी नव्हती. बयाबाईने झुडपातून पाहिलं आणि तिचा आ वासला.

युवराजांच्या अंगावर एकही पट्टा नव्हता. एखादं मोठं पिवळं मांजर असावं तसे ते डोहाच्या काठी कंटाळून उभे होते. आणि राजाची माकडं बिब्ब्याचं तेल चुन्याच्या निवळीत कालवून, पिसाने त्यांच्या अंगावर काळे पट्टे ओढत होती. परीट कपड्यावर खूण करतात, त्याच बिब्ब्याने. जरा वेडावाकडा गेलेला पट्टा खसाखसा धुऊन काढत होती. ते सगळं काळं पाणी डोहात, आणि डोहातून खाली जात होतं. बिब्बा अंगाला लागला की कसा उततो, हे बयाबाईला कुणी सांगायला नको होतं.

तीन पिढ्यांचं राजेपण ज्या पट्ट्यांवर उभं, ते पट्टे माकडांच्या हातचे! बयाबाईला आधी हसू आलं. मग टोचीची सोललेली पाठ आठवली आणि हसू जिरलं.

ती थेट करकोच्याकडे गेली. "साहेब, पाण्यात बिब्बा आहे!"

"पाणी हा माझा विषय नाही," करकोचा म्हणाला. "मी रक्ताचा डॉक्टर."

"एकदा राजडोहाचं पाणी तपासा."

"राजडोहाचं पाणी तपासायला राजाची परवानगी लागते. तुमचं रक्त तपासायला लागत नाही. मग मी काय तपासावं, तुम्हीच सांगा."

बयाबाईने त्याच पावली टोचीला पुन्हा भागूकडे पोचवलं. या वेळी सासूबाई काही बोलणार होत्या, पण सुनेचे उरलेसुरले काटे उभे राहिलेले पाहून त्यांना आठवलं, की आपल्याला कंद उकरायला जायचंय.

पुढे काय झालं, बाळांनो? बिब्बा कुणाचा मान ठेवत नाही. युवराजांना खाज सुटली. मानेवरचे केस गेले, मग शेपटीवरचे गेले. भर दरबारात ते सिंहासनाच्या पायाला पाठ घासू लागले. वाघमहाराजांनी करकोच्याला बोलावलं.

"हे काय आहे, डॉक्टर? रोग आनुवंशिक आहे का?" महाराजांनी विचारलं आणि सहज म्हणून नखं बाहेर काढली.

करकोच्याने आयुष्यात पहिल्यांदाच दोन्ही पाय जमिनीवर टेकले. आनुवंशिक म्हटलं, तर दोष महाराजांच्या रक्तात. त्याने नखांकडे पाहिलं आणि विद्या तत्काळ पालटली.

"छे छे, महाराज! युवराजांचं रक्त बावनकशी आहे. दोष पाण्याचा आहे. त्यांना पाणी बाधलं."

गर्दीत मागे उभी असलेली बयाबाई ओरडली, "मग आमच्या पोरांचे काटेही त्याच पाण्याने गळतात ना?"

"मुळीच नाही," करकोचा म्हणाला. "ओढा एक असला म्हणून काय झालं? त्यांना पाणी बाधलं. तुम्हाला रक्त बाधलं."

"मग पाण्यात बिब्बा कोण कालवतं, ते तरी विचारा माकडांना!"

माकडांनी हात मागे लपवले. महाराजांच्या घशातून अशी काही गुरगुर निघाली, की बयाबाईला वाटलं, संपलं, आता टोचीला आई नाही.

पण करकोचा हुशार. तो म्हणाला, "महाराज, रागावू नका. या बाईत उलट बोलण्याचं जनुक आहे. मी स्वतः पाहिलंय. तिच्या आईतही होतं."

महाराजांची नखं आत गेली. "असं होय? रक्तातच आहे म्हणता? मग तिचा काय दोष! आणि मग तिच्या बोलण्याला तरी काय अर्थ!"

सगळा दरबार हसला. हरणं हसली, गवे हसले, ज्यांची स्वतःची कातडी खाजत होती तेही हसले. बयाबाईला शिक्षा झाली नाही. त्याहून वाईट झालं, सगळ्यांनी तिची कीव केली. ती खोटं बोलते असं कुणी म्हटलं असतं, तर तिला भांडता तरी आलं असतं.

"आता युवराजांना चांगलं पाणी कुठे मिळेल?" महाराजांनी विचारलं.

"टेकडीपलीकडच्या झऱ्याचं पाणी उत्तम आहे," करकोचा पटकन म्हणाला. "तिथल्या सायाळींचे काटे बघा, कसे तकतकीत!" म्हणजे, बाळांनो, त्याला सगळं ठाऊक होतं. फक्त तो त्याचा विषय नव्हता.

दुसऱ्याच दिवशी राजघराणं झऱ्यावर गेलं. माकडं, बिब्बे, चुना, सगळा लवाजमा गेला. झऱ्याला राजझरा म्हणू लागले आणि भागूला मुलाबाळांसकट हुसकावून लावलं. ती कुठे जाणार? टोचीला घेऊन बहिणीच्या बिळात आली. बयाबाईने एका बिळात दोन संसार मांडले आणि रात्रंदिवस लेकीच्या पाठीकडे बघत बसली.

पण राजडोह आता ओस पडला होता. ओढ्याचं पाणी हळूहळू नितळलं. तळाचे गोटे दिसू लागले. टोचीच्या पाठीवर पुन्हा काटे आले, शेजारच्या पोरांना आले. सासूबाईंचे गुपचूप गळलेले होते, तेही परत आले. त्या प्रत्येकाला पाठ वळवून दाखवू लागल्या, "बघा, आमच्याच घराण्याचा वाण!" एका संध्याकाळी बिबट्या तब्येतीची चौकशी करायला आला. टोचीने वळून त्याला पाठ दाखवली आणि तो नाकात काटा घेऊन कण्हत गेला.

ही बातमी करकोच्यापर्यंत पोहोचली. उन्हाळा लागत होता, त्याची परदेशी जायची वेळ झाली होती, तरी तो वाकडी वाट करून खालच्या पाणवठ्यावर उतरला.

"काटे परत कसे आले?" त्याने विचारलं.

सगळ्या सायाळी बयाबाईकडे बघू लागल्या. तिच्या जिभेच्या टोकावर उत्तर तयार होतं. जे सांगायला ती दरबारात ओरडली होती, ते आज हा डॉक्टर आपल्या पायांनी विचारायला आला होता. सांगावं आणि त्याची जिरवावी, असं तिला फार, फार वाटलं. मग तिने पाण्याकडे पाहिलं. पाण्यात टोची डुंबत होती.

"कसे म्हणजे? रक्तातच आहे आमच्या, डॉक्टरसाहेब," बयाबाई हात जोडून म्हणाली. "जातात, येतात. आनुवंशिक आहे."

करकोच्याला इतका आनंद झाला, की तो दोन उड्या मारून पाण्याच्या कडेला गेला. "मी तरी दुसरं काय म्हणत होतो! आणि हे पाणी कसं आहे इथलं? नितळ दिसतंय."

"शी!" बयाबाई म्हणाली. "पाय नका बुडवू त्यात. आमचं रक्तच तसलं, म्हणून आम्हाला पचतं."

करकोच्याने पाय घाईघाईने वर घेतला आणि उडून गेला.

तात्पर्य: बाळांनो, जन्माला येताना आईबाप नीट पारखून घ्यावेत. ते जमलं नाही, तर निदान ओढ्याच्या वरच्या अंगाला घर बघावं, तिथे रक्ताला दोष लागत नाही. आणि तेही नशिबात नसेल, तर आपलं पाणी चांगलं आहे हे शहाण्या माणसाला कधी सांगू नये.