सुबक शयनकक्ष, बेहडाटोला

ओमेश्वरीच्या खोलीची लांबी सात फूट एक इंच, रुंदी सहा फूट आणि भवितव्य अनिश्चित होते.

मुळात ती खोली नव्हतीच. घरापुढच्या सपरीचे, म्हणजे ओसरीचे, एक टोक विटांनी बंद करून देवानंद गवंड्याने तिथे एक खिडकी, एक दार आणि वर कवेलू, म्हणजे कौले, असा ऐवज उभा केला होता. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन गोंदियाहून परतलेल्या ओमेश्वरीला आयुष्यात पहिल्यांदाच आतून कडी लावता येईल अशी जागा मिळाली होती. घरी असताना ती आजवर मधल्या खोलीत एक आत्या आणि धानाचे साठ कट्टे यांच्यामध्ये झोपत आली होती. कट्टे, म्हणजे पोती, घोरत नसत, एवढाच काय तो फरक.

पण बेहडाटोल्यात एक नियम आहे. तो कुठेही लिहिलेला नाही, म्हणून तो कुणी मोडत नाही. घरातल्या रिकाम्या खोलीवर पहिला हक्क धानाचा. खोली रिकामी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी माणसाची.

ओमेश्वरीचे वडील लक्ष्मीचंद पटले एकदा ग्रामपंचायतीचे सदस्य राहिले होते. तेव्हापासून त्यांचा डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता आणि शिक्क्यावर जाऊन बसला होता.

"ही झोपाची खोली हाये, असं कोन म्हनते?" त्यांनी विचारले.

"मी म्हनते, बाबूजी. मी झोपून राहिली ना तिथं."

"तू झोपली म्हनून काय झालं? मी तं सभेत बी झोपत होतो. सभागृहाले कोनी बेडरूम म्हनलं काय? धान येयेस्तोवर सरकारचा कागद आन. नाई तं कट्टे आत, तू बाहीर."

कापणीला पाच आठवडे होते.

सुदैवाने त्याच महिन्यात 'सुबक शयनकक्ष अभियान' सुरू झाले होते. ग्रामीण भागातील शयनकक्षांची सुबकता वाढवून नागरिकांची झोप दर्जेदार करणे, हा अभियानाचा हेतू. पात्र कक्षाला शिक्क्यासह प्रमाणपत्र मिळणार होते. अटी सोप्या होत्या. पलंग, पडदा, किमान एक शोभेची वस्तू आणि लाभार्थी, हे सर्व कक्षाच्या चारही भिंतींसह एकाच फोटोत दिसले पाहिजे.

ओमेश्वरीने अटी वाचल्या आणि आलेखाच्या कागदावर खोलीचा नकाशा काढला. आत उघडणारे दार फिरताना जवळपास चार चौरस फूट खाते, म्हणजे खोलीचा दहावा हिस्सा, हे लक्षात येताच तिने दार बाहेर उघडेल असे फिरवून घेतले. पलंगाला बिजागऱ्या लावून तो भिंतीवर उचलता येईल असा केला. पुस्तके उंचीनुसार लावली, मग विषयानुसार लावली, मग ज्या क्रमाने खाली पडत होती त्या क्रमाने लावली, तेव्हा ती टिकली. भिंतीला छुईची पांढरी माती फिरवली. चिचगडच्या बाजारातली बांबूची टोपली उलटी करून तिचा दिवा केला. पडद्यासाठी तिची माय मुन्नीबाई हिने लग्नातला हिरवा शालू दिला आणि शोभेची वस्तू म्हणून धानाच्या लोंब्यांची झालर विणून खिडकीत टांगली.

"चिमन्या बी खातीन अना सरकार बी खूश होईन," माय म्हणाली.

खोली खरोखर सुंदर झाली. ओमेश्वरी दार लावून पाच मिनिटे नुसती उभी राहिली. बसायला जागा होती, पण तिला उभेच राहावेसे वाटले.

मग शयनकक्ष पर्यवेक्षक मुन्नालाल आले. त्यांच्या एका हातात मोबाइल होता आणि दुसऱ्या हातात मोबाइल चार्ज करायची वायर. त्यांनी पाठ भिंतीला टेकवून अभियानाच्या अ‍ॅपवर फोटो काढला. अ‍ॅपने उत्तर दिले: 'भिंती तीन. नामंजूर.' ते समोरच्या भिंतीला टेकले. तीन. कोपऱ्यात अंग चोरून उभे राहिले. दोन.

"देखो मॅडम, तुमच्या खोलीत एक भिंत कमी पडून राहिली."

"सर, ज्या भिंतीला तुमची पाठ लागली हाये, ते फोटोत कशी येईन?"

"मोठ्या बेडरूममध्ये येते काय?"

"तिथं बी नाई येत. कॅमेऱ्याच्या मागचं कोनालेच दिसत नाई."

"मग बाकी लोकांचे मंजूर कैसे झाले?"

"किती झाले?"

मुन्नालालनी मोबाइल पाहिला. "अब्बी तक एक बी नाई," ते म्हणाले, आणि या माहितीचा काही अर्थ लागतो का, हे पाहण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

ओमेश्वरी मात्र विज्ञानाची होती. जे दिसत नाही ते परावर्तनाने दाखवता येते. तिने शेजारणीच्या अलमारीचा आरसा खोलून आणला आणि समोरच्या भिंतीला टेकवला. मुन्नालालनी फोटो काढला. पाठीमागची भिंत आरशात स्वच्छ दिसली. अ‍ॅपने थोडा विचार केला आणि कळवले: 'भिंती सात. पलंग दोन. लाभार्थी अविवाहित असून कक्षात अनोळखी पुरुष आढळला. तीन दिवसांत खुलासा करावा.'

"कोन पुरुष व?" मुन्नीबाई पदर खोचत धावत आली.

"अवो माय, हे सरच होत. आरशातले."

"मेरी बायको पढेगी तो?" मुन्नालाल घामाघूम झाले. त्यांनी तिथेच पलंगावर बसून खुलासा लिहिला: 'सदर पुरुष मी स्वतः असून मी माझ्या परिचयाचा आहे.'

खुलासा मान्य झाला. आरसा परत गेला. कापणीला नऊ दिवस उरले आणि लक्ष्मीचंद रोज संध्याकाळी खोलीत येऊन कट्टे किती मावतील ते वितीने मोजू लागले.

"उभे लावले तं चाळीस," ते स्वतःशीच म्हणत. "शालू काढला तं बेचाळीस."

मोजताना त्यांची वीत भिंतीवरून पार कवेलूंपर्यंत गेली, आणि त्यावरूनच ओमेश्वरीला पुढची कल्पना सुचली. चारही भिंती एकदम दिसतील अशी जगात एकच जागा होती, आणि ती वर होती. तिने कोन काढले, उंची काढली. अंगणातल्या मोहाची तिसरी फांदी बरोबर बसत होती. देवानंदला बोलावून तिने सगळे कवेलू उतरवले, वासे सरकवले. मुन्नालालना शिडीने फांदीवर चढवण्यात आले. खाली ओमेश्वरी पलंगावर नीट बसली, अंगावर गोणपाटाच्या रंगाची चादर घेऊन, कारण ऊन थेट डोक्यावर येत होते.

"दिसून राहिल्या काय चार?" तिने खालून विचारले.

"चार! मॅडम, पूरे चार! पलंग हाय, पडदा हाय, झालर हाय, तुम्ही हाय!" फांदीवरून मुन्नालालनी चार बोटेही दाखवली. नोकरीत त्यांनी असे काही पहिल्यांदाच पाहिले होते.

त्यांनी फोटो पाठवला. अ‍ॅप म्हणाले: 'भिंती चार. छत आढळले नाही. शयनकक्ष म्हणून नामंजूर.'

ओमेश्वरीने अंगावरची चादर सारखी केली. तिच्या नजरेसमोर बेचाळीस कट्टे उभे राहिले.

"थांबा, थांबा, और एक ओळ आली," वरून आवाज आला. मुन्नालाल वाचू लागले. "'तथापि धान आढळले. सदर वास्तू छतविरहित धान्यसाठा म्हणून नोंदवावी काय? होय, नाही.'"

चिमण्यांसाठी टांगलेली झालर अ‍ॅपला दिसली होती. पावसात उघड्यावर पडलेले धान जिल्ह्याला नवीन नव्हते. त्यामुळे चार भिंती, वर आकाश आणि आत धान हे चित्र अ‍ॅपच्या चांगलेच ओळखीचे निघाले.

"नाई दाबा!" ओमेश्वरी ओरडली.

पण मुन्नालाल अभियान सुरू झाल्यापासून लाल अक्षरे पाहत होते. त्यांनी होय दाबले. "हिरवं झालं!" ते ओरडले आणि फांदीवरच जरा नाचले.

प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी आले. लक्ष्मीचंदांनी चष्मा लावून ते उभ्याने, मोठ्याने वाचले. "'सुबक धान्यसाठा, प्रथम श्रेणी. भरलेले कट्टे: तीन. राखणदार: एक नग, महिला. साठा क्षमतेनुसार पूर्ण भरलेला असून आणखी धान ठेवण्यास मनाई.'" गादी, उशी आणि चादर यांनाच अ‍ॅपने कट्टे मानले होते. खाली गोल, निळा, ठळक शिक्का होता.

लक्ष्मीचंदांनी खोलीकडे पाहिले. खोलीत धानाचा एकही कट्टा नव्हता. त्यांनी शिक्क्याकडे पाहिले.

"भरली हाये," ते म्हणाले. "आता कायले ठेवता येते? धान मधल्या खोलीतच जाईन."

"अना मी, बाबूजी?"

"तू राखणदार हायेस ना? कागदावर हाये. राखणदार कोठार सोडून जाते काय कुठी?"

अशा रीतीने ओमेश्वरीला तिची खोली मिळाली. कवेलू मात्र परत चढवता येत नाहीत, छत आले की शिक्का जातो. वर निळी ताडपत्री आहे, कारण धान झाकायला ताडपत्रीची परवानगी आहे. दर महिन्याला मुन्नालाल मोहावर चढतात, ताडपत्री बाजूला होते, गादीचा फोटो निघतो आणि साठा सुस्थितीत असल्याची नोंद होते. धानाची प्रत सुधारत असल्याचाही शेरा मागच्या खेपेला आला. ओमेश्वरीने उशीची खोळ बदलली होती.

आसपासच्या गावांतून लोक कोठार पाहायला येतात. आधी ते दारावरचे प्रमाणपत्र वाचतात, मग आत डोकावून पलंग, दिवा, पुस्तके आणि पुस्तक वाचत बसलेली मुलगी पाहतात. मग लक्ष्मीचंदांना म्हणतात, "धान झकास हाये जी यंदा." आजवर एकानेही वेगळे काही म्हटलेले नाही.

तुम्ही वेगळे म्हणाला असता, याची खात्री वाटते ना? मग आता बसल्या जागी, मान न वळवता, आपल्या खोलीच्या भिंती मोजा. तीन भरतील. चौथी आहे, असे तुम्ही म्हणाल. मुन्नालाल विचारतील, कशावरून? मान वळवून दाखवू नका. वळवलीत की समोरची जाते.