गेनूतात्यांची मोटर

अख्ख्या मुळशी तालुक्यात स्विमिंग पूलच्या मोटरीला शेण पाजणारा एकच माणूस असेल, आणि तो माझा शेजारी आहे.

'पाजणारा' हा शब्द त्यांचाच. एका रविवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. शेजारच्या बंगल्यात गेनूतात्या धोतराचा सोगा खोचून, कोपरापर्यंत हात बादलीत घालून काहीतरी कालवत होते. मी विचारलं, "तात्या, अंगण सारवताय का?"

"सारवत न्हाई ताई. मोटरीला पाजतुया. पाणी धरंना झालीया."

विहिरीवरची मोटर पाणी धरेनाशी झाली की पाइपात शेणकाला ओतायचा, म्हणजे खालच्या व्हॉल्व्हची गळती बुजते, ही इकडची जुनी रीत. विहिरीला ते चालतं. पूलमध्ये काय होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. मोटरीने पाणी धरलं, यात शंका नाही. पण दुपारपर्यंत निळ्या फरशीच्या त्या पूलमध्ये उसाचा रस भरल्यासारखं दिसायला लागलं. तात्यांचा मुलगा सचिन डोक्याला हात लावून काठावर बसला. तात्या मात्र खूश.

"धरलं का न्हाई पाणी? मग!"

हे 'मग!' म्हणजे तात्यांचा शेवटचा शब्द. त्याच्यापुढे बोलायची सोय नाही.

आम्ही मूळचे लातूरकडचे. नवऱ्याची नोकरी हिंजवडीत, म्हणून कासार आंबोलीत हे छोटं घर घेतलं. ज्या जमिनीवर ते उभं आहे ती तात्यांची. सचिनने प्लॉट पाडून विकली, पण तात्यांच्या डोक्यातून ती अजून विकली गेलेली नाही. पहिल्यांदा चहाला आले तेव्हा स्वयंपाकघरात उभे राहून म्हणाले, "ताई, तुमचा गॅस ठिवलाय ना, तितं लई झ्याक इंद्रायणी व्हायचा." तेव्हापासून माझा भात बिघडला की मला उगाच त्या जागेची लाज वाटते.

सगळं विकलं, फक्त विहिरीचा तुकडा तात्यांनी सोडला नाही. त्यावर सचिनने बंगला बांधला आणि पूल काढायचं ठरवलं. तात्या म्हणाले, काढ, पण माझ्या अटीवर. पूल विहिरीच्याच जागी व्हायचा. त्याला मोटर विहिरीवरचीच बसवायची. आणि काठाला धुण्याचा दगड पाहिजे. आर्किटेक्टने म्हणे दोन्ही हात जोडले. आज त्या पूलकडे तुम्ही बघाल, तर एका बाजूला पांढऱ्या आरामखुर्च्या, रंगीत छत्री, आणि दुसऱ्या बाजूला पाण्याच्या पाइपाखाली, शंभर संसारांची धुणी आपटून गुळगुळीत झालेला काळा दगड.

तात्या स्वतः पूलमध्ये कधी उतरले नाहीत. त्यांचा जीव मोटरीत. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरीवर आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून ऐकायचे. नुसती गुंगुं करून फिरेनाशी झाली, तर मागच्या पंख्याला काठीने ढोसायचे. तापली, तर ओलं पोतं टाकायचे. त्यांच्या बायको हौसाकाकी ओट्यावरून बघत म्हणायच्या, "एवढा हात त्यानं मला पन कदी लावला न्हाई."

ती मोटर ओरडायचीही तशीच. सचिनला ती बंद खोलीत ठेवायची होती. तात्यांनी पत्र्याची शेड केली, तिला दार लावू दिलं नाही आणि तिचं तोंड ठेवलं ओढ्यापलीकडच्या जुन्या वस्तीकडे. रोज दुपार कलली की बटण दाबायचे आणि माझ्या गच्चीकडे बघून हाक मारायचे, "ताई, आवाज येतोय का?"

माझ्या ताटातल्या वाट्या थरथरायच्या. "येतोय तात्या!"

"तितवर येतोय ना? मग!"

मला वाटायचं, म्हातारा माझ्या कानावर विसंबून मोटरीचा आजार ओळखतो आहे. मला थोडा अभिमानही वाटायचा.

पिरंगुटचा मिस्त्री सांगून गेला होता की बेअरिंग संपलीय, वाइंडिंग पुन्हा पुन्हा करून झालंय, आता जळली की जळली. सचिनने नवी मोटर आणून ठेवली. तात्यांनी तिचं खोकं फोडू दिलं नाही. त्यावर बसून ते दाढी करायचे.

आणि गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ती जळली. करपट वास माझ्या घरापर्यंत आला. मी धावत गेले. शेडमध्ये धूर भरला होता आणि तात्या ओलं पोतं हातात धरून नुसते उभे होते. सचिनने त्याच संध्याकाळी नवी बसवून घेतली. पाणी काचेसारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाक आली, "ताई, आवाज येतोय का?"

मी कान दिला. काहीच ऐकू येईना. "नाही हो तात्या. चालू केलीत का?"

"चालूच हाय," तात्या म्हणाले. या वेळी 'मग!' आलं नाही.

मग तात्या जेवेनासे झाले. काकींनीच शेवटी सचिनला झापलं, "ती जुनी भरून दे, न्हाईतर ह्यो मानूस जातोय." सचिनने जुनी मोटर पिरंगुटला नेऊन नुसती फिरण्यापुरतं वाइंडिंग करून आणली. ती पाण्याला जोडायची मात्र नाही, हे बजावून. तात्यांनी ती शेडमध्ये नुसती चौथऱ्यावर ठेवली आणि रोज दुपारी रिकामीच चालवू लागले. पाणी नवी मोटर फिरवते, ओरडते जुनी. मला हसू आलं. मी त्यांना कुंपणावरून विचारलंच, "तात्या, रिकामी मोटर कशाला फिरवता?"

तात्या कुंपणापाशी आले.

"ताई, हितं हीर व्हती ना, तवा लाइट आली की मी मोटर लावायचो. हिचा आवाज वड्यापल्याड जायाचा. आवाज आला की वस्तीवरनं बाया धुनी घिऊन यायच्या. पोरं पाठीला डबा बांदून धपाधप उड्या टाकायची. कुनाला बलवावं लागायचं न्हाई. मोटर वरडली की समद्यांनी यायचं, असंच व्हतं." मग सचिनच्या लोखंडी फाटकाकडे हात केला. "आता समद्यास्नी वाटतं, बंगला झाला, कसं जावं. म्हनलं, निदान आवाज तरी जाऊ द्या."

आमच्या गावी विहिरीवर मोटर लागली की मीही परकर सावरत पळत जायची. तो आवाज मी विसरले होते. तात्यांच्या मोटरीचा खडखडाट रोज ऐकूनही तो मला कधी आठवला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोटर लागली तशी मी घरातल्या दोन गोधड्या बादलीत कोंबल्या आणि तात्यांच्या फाटकातून आत गेले. आरामखुर्च्यांना वळसा घालून काळ्या दगडापाशी बसले, पाइपाचा व्हॉल्व्ह सोडला आणि पहिली गोधडी आपटली. पूलच्या औषध घातलेल्या पाण्यात तिचा लाल रंग जाणार, हे मला माहीत होतं. गेलाच.

तात्या शेडमधून बाहेर आले. माझ्याकडे बघत राहिले.

"आवाज आला व्हय ताई?"

"आला ना. म्हणून तर आले."

तेवढ्यात हौसाकाकी आतून आपली दोन लुगडी घेऊन आल्या. "सरक की गं, सगळ्या दगडावर बसलीयास," म्हणाल्या आणि पदर खोचून माझ्यासमोर बसल्या. त्यांचं आपटणं माझ्यापेक्षा कितीतरी जोरदार होतं.

तात्यांनी माझ्या खांद्यावरून फाटकाकडे पाहिलं.

"मागनं कोन येतंय का?"

"येतील तात्या. दुपार आहे अजून."

तात्या गेले आणि फाटकाचे दोन्ही दरवाजे उघडून त्यांना एकेक वीट लावून आले. मोटर त्यांनी बंद केली नाही.