मुन्शीची स्वप्नं

आमचे घरमालक देशपांडेकाका झोपलेल्या कुत्र्याच्या स्वप्नांचं समालोचन करतात. हैदराबादेत, विद्यानगरातल्या संथ दुपारी मुन्शी व्हरांड्यात आडवा पसरून पाय हलवू लागला, की काका खुर्ची पुढे ओढतात. "गल्ली ओलांडली. कोठीच्या बाजारात पोचला. जुनी पुस्तकं हुंगतोय." पुण्याहून नवीन आलो होतो तेव्हा मी एकदा मुन्शीला हाक मारली, तर काकांनी ओठांवर बोट ठेवलं. "नक्को, उठवू नका. रस्ता चुकेल त्याचा."

काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. अस्सल हैदराबादी माणसासारखा त्यांचा सगळा भूतकाळ 'परसों'चा, मग गोष्ट गेल्या आठवड्यातली असो की वीस वर्षांपूर्वीची. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. त्याही परसोंच गेल्या.

गेल्या हिवाळ्यात मुन्शीच्या डोक्यावर लिंबाएवढी टणक गाठ आली. सिकंदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी स्कॅन काढला. कवटीच्या हाडाचा ट्यूमर होता. तेवढं हाड काढून त्याच्याच मापाची टायटॅनियमची पट्टी बसवावी लागेल, म्हणाल्या.

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "मॅडम, धातूखाली स्वप्नं पडतात ना?"

बाई हसल्या नाहीत. "मेंदूला धक्का न लावता काम करू," म्हणाल्या. "बाकी त्याचं तोच जाणे."

ऑपरेशन चार तास चाललं. बाकावर डोळे मिटून बसलेले काका मध्येच मला म्हणाले, "माझं हाड चालेल का, विचारून या."

मुन्शी घरी आला. डोक्यावर टाके, गळ्यात प्लास्टिकचा भोंगा. हळूहळू जेवू लागला, भुंकू लागला. गाठ पूर्ण निघाली होती, डॉक्टर खूश होत्या. काकांची खुर्ची मात्र भिंतीशीच. "झोपतो हो, पण जागचा हलत नाही," एवढंच सांगायचे.

तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, मुन्शीचा पुढचा पंजा थरथरला. मग चारही पाय चालू लागले. मी हळूच विचारलं, "काका, कुठे निघाला?"

काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"तुमच्या काकूंबरोबर फिरायला. युनिव्हर्सिटीच्या झाडांखालून. रोज जायचे दोघं. मी कधी गेलो नाही, फायली असायच्या."

मुन्शीची शेपटी फरशीवर दोनदा आपटली.

"माझ्या स्वप्नात येत नाही हो ती," काका म्हणाले. मग खुर्चीतून उठले आणि सावकाश त्याच्या शेजारी फरशीवर आडवे झाले.