माणिकआप्पांची भिंत

टीव्हीवर जाहिरात लागली की माणिकआप्पा हात जोडतात. "नको बाई, आमच्याकडं हाय साबण. पुढच्या घरी बघा," असं पडद्यावरच्या नटीला अगदी नम्रपणे सांगतात. अशा दहा-बारा जणींना परत पाठवतात आणि मगच बातम्या ऐकतात.

चुडाव्यात आमची घरं शेजारी शेजारी. स्टेशनच्या फलाटावरून पहिली दिसते ती आप्पांची भिंत. साबणाची एक कंपनी आमची गल्ली फुकट रंगवायला आली, तेव्हा तिचा खरा डोळा त्या भिंतीवरच होता. बाकी आम्ही सगळे तयारच होतो. वर घरटी एक बादलीही मिळणार होती. मी घेतली, खोटं कशाला बोलू? गल्ली निळीशार झाली, दारोदार साबणाची वडी झळकली आणि महिन्याभरात आमच्या न्हाणीतही तोच साबण आला. बायकोला विचारलं तर म्हणाली, "मला वाटलं, तुमालाच आवडतो."

आप्पा मात्र अडून बसले. "भिंत माझी, अन् बोलणार कंपनी? बिलकुल न्हाई."

"मग तुम्हीच बोला," कंपनीचा टायवाला साहेब हसला. "काय लिहायचं ते लिहा. आठ दिवसांत ते वाचून एक जरी माणूस दारात आला, तर आम्ही भिंतीचं नाव काढणार नाही. नाही आला, तर भिंत आमची."

आप्पांनी भर गल्लीत शब्द दिला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर गेरूनं मोठाली अक्षरं उमटली : 'इथं विकायला काहीच नाही. या, बसा, पाणी प्या.'

गल्ली पोट धरून हसली. मीही हसलो. आप्पा रोज धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसायचे. गाड्या येत, लोक वाचत, निघून जात. एकानं फलाटावरूनच ओरडून विचारलं, "फुकट हाय का?" आप्पा हो म्हणाले, तेव्हा त्याला संशय आला आणि तो गेला.

सातव्या दिवशी त्यांचा चेहरा बघवेना. मी म्हणालो, "आप्पा, भिंतच तर हाय. देऊन टाका."

"भिंतीचं न्हाई हो गुरुजी. एवढं बलावूनबी कुनीच आलं न्हाई, तर..." त्यांनी पुन्हा फलाटाकडं मान वळवली. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

आठव्या दिवशी भर दुपारी साहेब रंगाऱ्यांना घेऊन हजर झाला. तिकडं स्टेशनवर पॅसेंजर दोन तास लेट होती आणि ऊन मी म्हणत होतं. गाठोडं घेतलेली एक बाई फलाट उतरून आली, भिंत वाचत थांबली आणि म्हणाली, "बसू का भाऊ?"

 आप्पांनी लगबगीनं उपरण्यानं ओटा झाडला. ती बसलेली बघून मागून आणखी आठ-दहा जण आले. मग रंगाऱ्यांनीही डबे खाली ठेवले. शेवटी साहेबानं टाय सैल केला आणि निमूटपणे पायरीवर टेकला. जिंकले की हो आप्पा!

तेवढ्यात ते माझ्या दारात आले. डोळे भरलेले, तोंडभर हसू.

"गुरुजी, पेले द्या. आसतील तेवढे द्या. आमची मंडळी वारल्यापासनं घरात एकाच्या वर लागलाच न्हाई."

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा काही मागत होते. बायकोनं मांडणीवरचे सगळे पेले काढून दिले. मी ते घेऊन गेलो, तर ओट्यावर मला बसायला जागा नव्हती.