मुक्तिदिनाची खानपान व्यवस्था

मोठी गोष्ट माणसाला एकदम देऊ नये; सोसत नाही. म्हणूनच गुलामगिरी संपल्याची बातमी आमच्या टेक्सासात अडीच वर्षं उशिरा पोचली. (मधल्या काळात कापसाची पिकं व्यवस्थित निघाली, हा निव्वळ योगायोग.) अखेर १९ जून १८६५ला गॅल्व्हेस्टनात एका जनरलसाहेबांनी हुकूम काढला. काय दूरदृष्टी! पहिल्या वाक्यात सगळे गुलाम मोकळे. आणि पुढे सल्ला, की आहात तिथेच गुपचूप राहा, मजुरीवर काम करा, बसून खायला मिळणार नाही. स्वातंत्र्य आणि ते न वापरण्याची सूचना एकाच कागदावर देणारं सरकार विरळा.

आमच्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये दर १९ जूनला, मुक्तिदिनी, हा हुकूम वाचतात सिस्टर अल्थिया ब्रूसार्ड. (आमच्या चर्चमधल्या सगळ्याच बायका सिस्टर.) त्यानंतर रेव्हरंड थिगपेन उभे राहतात. ते बोलत सुरुवात करतात, मग शब्द घोळवतात, मग गाऊ लागतात, आणि मागून ऑर्गन चढला की संधिवाताची माणसंसुद्धा बाकावरून उठतात. पण रेव्हरंडना सूर लागतो तो अल्थियांच्या वाचनावर. दुसऱ्या कुणी वाचलं तर त्यांना नुसता खोकला येतो.

अल्थिया बंदरावरच्या एका विमा कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करतात. मी तिथेच टपाल बघतो. यंदा कंपनीने मुक्तिदिन पाळायचं ठरवलं तेव्हा मला अगदी भरून आलं. परिपत्रक निघालं: सर्वांना सुट्टी. मात्र सुट्टीचा अर्थ नीट समजावा म्हणून सकाळी कार्यालयात हजेरी सक्तीची. खाणं मुक्तिदिनाच्या परंपरेप्रमाणे, गुलामांच्या सांडलेल्या रक्ताची आठवण म्हणून, लाल: लाल सरबत, कलिंगड, लाल केक. आणि परंपरा जाणणारी माणसं नेमकी कँटीनमध्येच असल्यामुळे कँटीनला सुट्टी नाही.

तर्क बिनतोड होता. मुक्ती साजरी करायची तर कुणीतरी बांधलेलं असावंच लागतं.

अल्थिया व्यवस्थापक प्रेस्कॉटसाहेबांकडे गेल्या.

"साहेब, त्या सकाळी चर्चमध्ये वाचायचंय मला. तेवढं सोडा."

"अहो, हा सगळा खटाटोप तुमच्यासाठीच तर चाललाय!"

"मग माझ्यावाचून चालू द्या की."

"तुम्हीच नसलात तर ते बरं दिसेल का? असं करा, इथेच वाचा. दोन मिनिटं. मग कलिंगड कापा."

रेव्हरंडना हे कळलं तेव्हा ते कळवळले. "अगं बाई, चर्चभर माणसं बसवून मी काय घसा खाकरत बसू?"

"बसा की जरा," अल्थिया म्हणाल्या. "आपल्या लोकांना वाट बघायची सवय आहे."

दिवस उजाडला. सभागृहात फुगे लागले. भिंतीवर हुकुमाचा फलक होता. जागा कमी पडल्याने त्यावर फक्त 'आहात तिथे शांतपणे राहा व काम करा' एवढाच भाग मावला होता. कंपनीच्या पाहणीनुसार ऐंशी टक्के कर्मचारी कार्यक्रमावर समाधानी होते. (उरलेले वीस टक्के तेव्हा भांडी घासत होते.)

अल्थिया एप्रन बांधूनच पुढे आल्या. कागद घेतला नाही. डोळे मिटले आणि चर्चमधला आवाज लावला: "टेक्सासच्या लोकांना कळविण्यात येते, की सर्व गुलाम मोकळे आहेत!" 'मोकळे' त्यांनी असं लांबवलं, की मी सवयीने "आमेन!" ओरडलो. (परिपत्रकात आमेनची तरतूद नव्हती.)

मग त्यांनी एप्रन सोडला, घडी घालून कलिंगडावर ठेवला आणि पर्स उचलली.

"अहो, पुढचं राहिलं ना!" प्रेस्कॉटसाहेब म्हणाले.

"पुढचं तुमचंच आहे साहेब. सावकाश वाचा. सुरी तिथेच आहे."

त्या निघाल्या. मीही निघालो, सुट्टीला टपाल येत नाही. त्या सकाळी रेव्हरंड असे गायले, की ऑर्गनवाल्याने हात टेकले.

कंपनीने अल्थियांच्या बाणेदारपणाचं जाहीर कौतुक केलं आणि त्यांच्या जागी दुसरी बाई नेमली.

वाचता वाचता तुम्हालाही टाळी द्यावीशी वाटली असेल. देव तुमचं भलं करो. फक्त तुमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाईंनी मागच्या सणाला सुट्टी मागितली, तेव्हा "सुट्टी कसली, तुम्ही तर घरच्याच!" असं तुम्ही किती मायेने म्हणालात, तेवढं आठवून बघा.